हायवे पॅट्रोलची १९५५ ची बुइक: खरी की नंतर बनवलेली, कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. फ्रेस्नोजवळ एका शेतावरच्या शेडमध्ये १९५५ ची दोन दरवाज्यांची बुइक सेंच्युरी कित्येक वर्षं पडून आहे. ही कॅलिफोर्निया हायवे पॅट्रोलची, म्हणजे राज्याच्या महामार्ग पोलिसांची, मूळ गाडी आहे असं विकणाऱ्याचं म्हणणं. पुरावा म्हणून त्याने तुम्हाला डाव्या बाजूचा लाल स्पॉटलाइट, बॉनेटखालचा सायरन आणि दारावर आकाशी रंगाखालून उमटलेला सात टोकांचा तारा दाखवला. इंजिन जाम आहे. किंमत मात्र साध्या बुइकच्या जवळजवळ दुप्पट सांगतोय. इंजिन दुरुस्त होईल का, काळा-पांढरा रंग परत द्यावा का, आणि तयार झाल्यावर मंडळाच्या गणेशोत्सवात मिरवणुकीपुढे चालवता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

तुम्ही सुरुवात इंजिनापासून केलीत. मी सर्वात शेवटी इंजिनाकडे येणार आहे, कारण इंजिन दुरुस्त होतं, बदलता येतं, दुसऱ्या गाडीतून काढून आणता येतं. खरा प्रश्न दुप्पट किमतीचा आहे. ती दुप्पट किंमत तुम्ही ‘पोलिसांची’ या एका शब्दासाठी मोजणार आहात. तेव्हा तो शब्द गाडीत नेमका कुठे लिहिलेला आहे, हे आधी बघायला हवं.

कॅलिफोर्नियात जुन्या अमेरिकन गाड्यांचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि त्यात निवृत्त पोलीस गाड्या बऱ्याच येतात. माझा अनुभव सांगतो. पोलिसांचं म्हणून जे साहित्य गाडीवर असतं, ते गाडी सेवेतून निघते तेव्हा उतरवून घेतलं जातं. रेडिओ सरकारी, सायरन सरकारी, दिवा सरकारी. तो पुढच्या गाडीवर चढतो. त्यामुळे आज गाडीवर जे लावलेलं दिसतं, ते बहुतेक वेळा नंतर कुणीतरी हौसेने आणून लावलेलं असतं. स्पॉटलाइट आणि सायरन जुन्या सामानाच्या बाजारात पैसे मोजले की मिळतात. पण जे काढून नेलं, त्याच्या खुणा पत्र्यातच राहतात. म्हणून मी वस्तू बघत नाही, भोकं बघतो. आपल्याकडे ‘डिस्पोजलची मिलिटरी जीप’ म्हणून विकायला काढलेल्या गाडीवर ताजा हिरवा रंग मारलेला असला की जाणकार माणूस रंगाकडे दुर्लक्ष करून चेसिसकडे वाकतो, तसंच हे.

पण त्याआधी या विशिष्ट गाडीला एवढी किंमत का, ते समजून घ्या. ओळख पटवायची गुरुकिल्ली त्यातच आहे.

कॅलिफोर्निया हायवे पॅट्रोल १४ ऑगस्ट १९२९ रोजी राज्याच्या कायद्याने अस्तित्वात आलं. त्याआधी प्रत्येक काउंटीचं आपापलं वाहतूक पथक असायचं आणि हद्द ओलांडली की नियमही बदलायचे. सुरुवातीला या दलाकडे ८० मोटारी आणि २२५ मोटरसायकली होत्या, आणि त्यांच्या जोरावर साधारण एक लाख मैलांचे रस्ते आणि वीस लाख वाहनं सांभाळायची होती. म्हणजे तेव्हा मुख्य भिस्त मोटरसायकलवर होती. पुढे रस्ते रुंद झाले, अंतरं वाढली, मोटारींत रेडिओ बसू लागला, तसं मोटारीचं महत्त्व वाढत गेलं.

दुसरी एक गोष्ट कॅलिफोर्नियाची खास. रस्त्याच्या कडेला लपून, ठरावीक अंतराला किती सेकंद लागले ते मोजून दंड करायचा, ही पद्धत इथल्या कायद्याने १९२० च्या दशकातच मोडीत काढली. वाहतुकीची अंमलबजावणी करणारा शिपाई पूर्ण गणवेशात हवा आणि त्याची गाडी ठरवून दिलेल्या वेगळ्या रंगाची हवी, हेही कायद्याने बांधलं. याचा परिणाम असा की वेगात जाणाऱ्याला पकडायचं तर त्याच्या मागे जायचं, काही अंतर सारख्याच वेगाने धावायचं, आपल्या स्पीडोमीटरवर त्याचा वेग वाचायचा आणि मग थांबवायचं. ज्या गाडीने हे करायचं, ती रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांपेक्षा जास्त वेगवान असायलाच हवी. शिवाय बेकर्सफील्ड-फ्रेस्नो पट्ट्यातल्या उन्हाळ्यात दिवसभर धावूनही ती गरम होता कामा नये.

इथे बुइक सेंच्युरी चपखल बसते. बुइकने १९३६ मध्ये ही मालिका काढली तीच ‘लहान बॉडी, मोठं इंजिन’ या हिशेबाने. नावच मुळी ताशी शंभर मैलांवरून ठेवलेलं. १९४२ नंतर ही मालिका बंद पडली आणि १९५४ मध्ये परत आली. १९५५ च्या बुइक स्पेशलमध्ये २६४ घनइंचाचं व्ही-८ इंजिन होतं, १८८ अश्वशक्तीचं. सेंच्युरीची बॉडी आणि १२२ इंचांचा व्हीलबेस तोच, पण इंजिन ३२२ घनइंचाचं, २३६ अश्वशक्तीचं. एकाच अंगाच्या गाडीत जवळजवळ पन्नास अश्वशक्ती जास्त.

आता मुद्द्याची गोष्ट. शोरूममध्ये जाऊन सेंच्युरी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला १९५५ मध्ये दोन दरवाज्यांची सेंच्युरी मिळायची ती एक तर रिव्हिएरा हार्डटॉप, म्हणजे काचा खाली केल्या की बाजूला मधला खांब नसलेली, किंवा कन्व्हर्टिबल. मधला खांब असलेली, साधी, स्वस्त दोन दरवाजी सेडान बॉडी फक्त स्पेशलमध्ये होती. हायवे पॅट्रोलने बुइककडून खास मागणी नोंदवून स्पेशलची ती साधी बॉडी आणि सेंच्युरीचं इंजिन अशी जोडी बनवून घेतली. हे मॉडेल ६८. तीनशेहूनही कमी गाड्या बनल्या आणि सर्वसामान्य गिऱ्हाइकाला ती विकायलाच ठेवली नव्हती. काहींना तीन गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, काहींना डायनाफ्लो, म्हणजे बुइकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याच सुमाराला या नोकरीवर बेतलेली एक दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, तिच्यात हीच बुइक दिसली, आणि आज तिच्या जितक्या प्रतिकृती रस्त्यावर आहेत त्याचं मूळ तिथे आहे.

म्हणजे तुमच्या शेडमधल्या गाडीला पहिला प्रश्न अगदी सोपा विचारता येतो: दोन दरवाजे आणि मधला खांब असलेली ही बॉडी जन्मापासून सेंच्युरी आहे का?

त्याचं उत्तर सीरियल नंबरमध्ये आहे. डावं पुढचं दार उघडा. बिजागऱ्यांच्या खांबावर एक लहान प्लेट असेल. तिच्यावरचा पहिला आकडा मालिका सांगतो: ४ म्हणजे स्पेशल, ५ म्हणजे सुपर, ६ म्हणजे सेंच्युरी, ७ म्हणजे रोडमास्टर. पुढचं इंग्रजी अक्षर वर्षाचं, १९५५ साठी ‘बी’. तिसरा आकडा कारखान्याचा. फ्लिंटचा १, इथल्या साउथ गेटचा २, असे. तुम्हाला पहिला ६ आणि मग ‘बी’ दिसायला हवं. पहिला आकडा ४ निघाला तर ती स्पेशल आहे, मग बॉनेटखाली काहीही असो आणि दारावर कितीही तारे असोत. विषय तिथेच संपतो.

प्लेट वाचताना फक्त आकडा वाचू नका, प्लेट कशी बसवली आहे तेही बघा. तिच्या कडेला रंग सलग आहे का, की तिथेच खरवडल्यासारखं दिसतंय? वेल्डच्या जुन्या खुणा आहेत, की नवा स्क्रू किंवा पॉप रिव्हेट ठोकलाय? शंका आली तर गाडी घेऊ नका. सीरियल प्लेटशी केलेली छेडछाड हा गुन्हा आहे आणि नोंदणीच्या वेळी ती भानगड तुमच्या गळ्यात येईल. मग बॉनेट उघडून फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरची, फिशर बॉडी या बॉडी बनवणाऱ्या कंपनीची प्लेट बघा. तिच्यावर बॉडीचा स्टाइल नंबर, रंगाचा आणि आतल्या कापडाचा कोड असतो. दोन्ही प्लेटनी एकच हकीकत सांगायला हवी. मडगार्डवरची ती प्रसिद्ध गोल भोकं, स्पेशलला तीन आणि सेंच्युरीला चार, ती मी पुरावा म्हणून धरत नाही. मडगार्ड बोल्टने लागतं आणि बोल्टने निघतं.

६ आकडा निघाला, खांब आहे, प्लेट निर्वेध आहे, असं धरू. कागदावर ती मॉडेल ६८ ठरली. तरी पुढची पाहणी करायची, कारण गाडीचं किती अंग मूळचं उरलंय हे अजून कळायचंय. सत्तर वर्षांत मधल्या मालकांनी पत्रे बदललेले असतात.

डिकीपासून सुरुवात करा. त्या काळचा पोलीस रेडिओ आजच्यासारखा तळहातावर मावणारा नव्हता. व्हॅक्यूम ट्यूबचा तो जड डबा डिकीत बोल्टने बसवायचे आणि डॅशबोर्डखाली फक्त छोटी नियंत्रणपेटी व मायक्रोफोन अडकवायचा हूक. डिकीतला गालिचा आणि खालचं जुनं फेल्ट पूर्ण काढा. एकाने गाडीखाली झोपून वरच्या दिशेने टॉर्च धरायचा, दुसऱ्याने डिकीत वाकून बघायचं. प्रकाशाचे ठिपके दिसतील. त्यातले कारखान्याचे ठिपके ओळखू येतात. त्यांच्या कडा साच्यातून दाबून आलेल्या, थोड्या गोलाईच्या, आणि कडेवरही मूळ प्रायमर असतो. कार्यशाळेत ड्रिलने पाडलेल्या भोकाची कड धारदार असते, खालच्या बाजूला पत्र्याची बारीक कोर उठलेली असते, आणि पाडताना रंग तुटल्यामुळे कडेचा उघडा पत्रा गंजून काळपट तपकिरी झालेला असतो. अशी चार भोकं चौकोनात सापडली, त्यांच्याभोवती डब्याच्या पायांचे दाब उमटलेले असले, आणि तिथून मागच्या सीटच्या पडद्यातून एक जाड केबल जायला वाव असलेलं रबरी बुशाचं भोक असलं, तर ती जुनी नोकरी आहे. भोक चकाकतंय किंवा त्याच्या कडेवरून आकाशी रंग सलग गेलाय, तर ते त्या रंगाच्या आधी थोडंच किंवा नंतर पाडलंय.

मग ती केबल पुढे कुठे गेली ते शोधा. रेडिओ ट्रान्समिट करताना प्रचंड करंट ओढायचा, म्हणून बॅटरीपासून थेट जाड वायर टाकायचे. दाराखालच्या पट्टीशी, गालिच्याखाली, क्लिपांच्या जागा आणि वायरची घासलेली रेघ सापडते का बघा. त्या काळच्या अनेक पोलीस गाड्यांत साधा डायनॅमो पुरत नसे, म्हणून अल्टरनेटर आणि त्याचा वेगळा रेक्टिफायर डबा बसवलेला असायचा. त्यासाठीची जास्तीची भोकं बॅटरीजवळच्या आतल्या मडगार्डवर किंवा रेडिएटरच्या चौकटीवर असू शकतात. हे सापडलं तर पुरावा भक्कम होतो, नाही सापडलं म्हणून गाडी खोटी ठरत नाही.

अँटेनाची जागा मला विशेष बोलकी वाटते. हायवे पॅट्रोलचा रेडिओ लो बँडवर, ४२ मेगाहर्ट्झच्या आसपास चालायचा. त्या फ्रिक्वेन्सीला पाव तरंगलांबीची काठी पावणेदोन मीटरच्या जवळपास जाते. एवढी लांब स्टीलची काठी गाडीवर उभी करून ताशी शंभर मैलांनी पळवायची म्हणजे तिच्या बुडाशी पत्र्यावर सतत हिसके. म्हणून भोकाखाली आधाराची पट्टी लावलेली सापडते, आणि तरीही भोवतालच्या पत्र्यात बारीक तडे गेलेले असतात. मागचं मडगार्ड डिकीच्या आतून हाताने चाचपा. वरून कुणी लांबी भरून, घासून, रंगवून कितीही सफाई केली असली तरी आतून झाळकामाचा डाग, पट्टी किंवा तडा हाताला लागतो. नुसत्या हौशी रेडिओसाठी कुणी एवढी मजबुती करत नाही.

स्पॉटलाइटचं भोक विंडशील्डच्या खांबातून तिरकं जातं, कारण दांडा आतल्या मुठीपर्यंत पोचवायचा असतो. आज लावलेला दिवा काढून बघू द्यायला विकणाऱ्याला सांगा. दिवा जुना असला तरी भोक नवं असू शकतं. खांबाच्या आत बारीक कॅमेरा घातला की जुन्या भोकाखाली वर्षानुवर्षं झिरपलेल्या पाण्याचा गंजाचा ओघळ स्पष्ट दिसतो. हा ओघळ बनवता येत नाही, निदान मी बनवलेला कधी पाहिला नाही.

आता रंग. तुमच्या तात्पुरत्या पुराव्यांत तारा होता, त्याबद्दल नीट ऐका. तारा दिसला म्हणजे काहीच ठरत नाही. तारा कोणत्या थरावर आहे, यावर सगळं ठरतं. दाराच्या आतल्या कडेला किंवा बिजागरीमागे, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, नाण्याएवढा ठिपका बारीक पॉलिश पेपरने पाण्यात घासा. उतार देत घासलं की थर एकाबाहेर एक कड्यांसारखे उघडतात. सर्वात आत धातू, मग कारखान्याचा प्रायमर, मग पहिला रंग, मग पुढचे. दारावर मूळच्या थरांत पांढरा सापडायला हवा आणि बॉडीवर काळा. पांढऱ्याखाली काळा असला तरी चालेल. पण पांढऱ्याखाली निळा, हिरवा किंवा आकाशी निघाला तर तो पांढरा नंतरचा. ताऱ्याचंही तेच: तो मूळ पांढऱ्यावर आणि मालकांच्या रंगांखाली हवा. घासताना मास्क लावा, जुन्या रंगात शिसं असतं.

याच ठिपक्यावर थिनरची परीक्षा घेता येते. बुइक ज्या जनरल मोटर्सची, तिचा १९५५ मधला रंग नायट्रोसेल्युलोज लॅकर होता. लॅकर थिनर लावलेलं फडकं त्या थरावर मिनिटभर दाबून धरलं की तो मऊ होतो आणि फडक्याला रंग लागतो. आजचा टू-के युरेथेन, म्हणजे दोन घटक मिसळून मारलेला रंग, जागचा हलत नाही. पांढऱ्या थराने रंग सोडला तर तो जुना असण्याची शक्यता चांगली, आणि जराही सोडला नाही तर ती दारं अलीकडे रंगवलेली आहेत.

विकणारा घासू देत नसेल तर दार पॅनेल काढून आतला पत्रा बघू द्यायला सांगा. तेवढ्यालाही नाही म्हणाला तर दुप्पट किमतीचा विषय बंद.

इथवर जे सांगितलं त्यात वजन कशाला किती? प्लेटवरचा ६ आणि खांबाची बॉडी हे दोन्ही नसतील तर बाकी सगळं व्यर्थ. ते दोन्ही असतील आणि भोकं किंवा रंग सापडले नाहीत, तर मॉडेल ६८ तरीही खरीच आहे, फक्त पत्रा बदललेला आहे. आणि नुसती भोकं, प्लेटवर ४, असं असेल तर ती एखाद्या शेरीफची, अग्निशमन दलाची किंवा टॅक्सी कंपनीची स्पेशल असू शकते. तीही जपण्यासारखी गाडी आहे, पण तुम्हाला सांगितलेली ती ही नव्हे.

कागदांबद्दल. ‘माझ्या वडिलांनी लिलावात घेतली’ असं विकणाऱ्याने स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं पत्र आठवण म्हणून ठेवा, पुरावा म्हणून नको. त्या काळातला नोंदणीचा कागद, लिलावाची पावती, पहिल्या खासगी मालकाच्या दारातला जुना फोटो, हे मोलाचं. वेस्ट सॅक्रामेंटोला हायवे पॅट्रोलच्या अकॅडमीत त्यांचं संग्रहालय आहे. त्या वर्षांतले फोटो बघितल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये, असं माझं ठाम मत आहे. टपावर रंगाची रेघ कुठे थांबते, तारा किती मोठा, दिवा कोणत्या बाजूला, हे फोटोवरून ठरवायचं. आज रस्त्यावर फिरणाऱ्या प्रतिकृती बघून ठरवू नका. एकाची चूक पाहून दुसऱ्याने रंगवलेल्या कितीतरी गाड्या मी पाहिल्यात.

आता इंजिन. बाहेरून बघून २६४ आणि ३२२ यांत फरक कळत नाही, दोन्ही एकाच साच्यातली भावंडं आहेत. पिस्टनचा स्ट्रोकही दोन्हींचा ३.२ इंचच. फरक बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात: ३२२ चा बोअर बरोबर ४ इंच, २६४ चा ३ पूर्णांक ५/८. हेड उघडलं की साध्या मोजपट्टीनेही उत्तर मिळतं. हेड उघडण्याआधी मात्र सगळे प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल आणि ॲसिटोन यांचं मिश्रण ओता आणि गाडी आठवडाभर तशीच राहू द्या. मग क्रँकच्या बोल्टला लांब पाना लावून पुढे-मागे हलक्या हाताने हलवा. स्टार्टर मारून किंवा गाडी ओढून जाम इंजिन सोडवायला जाऊ नका, वाकलेल्या पुशरॉड आणि तुटलेल्या रिंगा याच घाईतून येतात. जाता जाता एक: या बुइकला किल्ली फिरवून स्टार्टर लागत नाही, किल्ली ऑन करून ॲक्सिलरेटर दाबावा लागतो. विकणारा ‘स्टार्टर मेलाय’ म्हणत असेल तर एवढं तपासून बघा.

४०१ किंवा ४२५ घनइंचाचं नंतरच्या बुइकचं इंजिन टाका, ताकद वाढेल, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. प्लेटवर ६ असेल तर टाकू नका. ३२२ चे भाग मिळतात आणि गाडीचं सगळं म्हणणंच त्या इंजिनात आहे. प्लेटवर ४ असेल तर तुमची मर्जी.

गिअरबॉक्स कोणता आहे यावर खर्च बराच अवलंबून आहे. बुइकचा प्रॉपेलर शाफ्ट एका बंद नळीत असतो, टॉर्क ट्यूब म्हणतात तिला. त्यामुळे मॅन्युअल गाडीची क्लचप्लेट बदलायची तरी मागचा अख्खा ॲक्सल सोडवून मागे सरकवावा लागतो. मजुरी त्याप्रमाणे धरा. डायनाफ्लो असेल तर शेडमध्येच एक परीक्षा करा: डिफरन्शियलचा भरायचा प्लग सोडा. घट्ट, काळपट गिअर ऑइल कडेपर्यंत दिसलं तर ठीक. पातळ, लालसर तेल भसकन बाहेर आलं, तर डायनाफ्लोचं तेल सील ओलांडून नळीवाटे मागे आलंय. सील स्वस्त आहे, पण तिथवर पोचण्यासाठी पुन्हा तोच ॲक्सल मागे घ्यावा लागतो. हा खर्च किमतीतून वजा करून मागा.

ब्रेकच्या बाबतीत मी मूळपणाचा हट्ट धरत नाही. पावणेदोन टनांच्या आसपासची गाडी, चारही चाकांना ओतीव लोखंडी ड्रम, आणि एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर. एक नळी फुटली की पेडल थेट जमिनीला. ग्रेपव्हाइन घाटाच्या उतारावर याच गाड्या त्या काळी धावल्या हे खरं, पण तेव्हा दलाची कार्यशाळा त्यांच्या मागे होती आणि रस्त्यावर एवढी गर्दी नव्हती. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवून घ्या, जुना भाग तेल लावून डब्यात जपून ठेवा. ड्रम मात्र मूळचेच ठेवा. १९५७ नंतरचे पंख्यांचे ॲल्युमिनियम ड्रम जास्त थंड राहतात, पण ते बाहेरून लगेच वेगळे दिसतात. रेडिएटरचा गाभा नवा भरून घ्या. फ्रेस्नोच्या जुलैत जुना गाभा टिकणार नाही.

काळा-पांढरा रंग द्यावा का? ६ असेल आणि थरांत पांढरा सापडला असेल तर जरूर द्या, ती गाडी त्यासाठीच जपायची. प्लेटवर ४ असेल तर मी देणार नाही. १९५५ ची स्पेशल तिच्या मूळ दोन रंगांत फार देखणी दिसते. तरी द्यायचाच असेल तर प्रदर्शनात समोर ‘प्रतिकृती’ अशी पाटी ठेवा आणि विकताना कागदावर तसं लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला आज तुम्हाला पडलेला प्रश्न पडणार नाही.

मिरवणुकीचं विचारलंत, तिथे कायदा मध्ये येतो. कॅलिफोर्नियाच्या व्हेइकल कोडमध्ये पोलिसांच्या गाडीसारख्या रंगवलेल्या खासगी गाडीबद्दल कलम २७६०५ आहे, त्यातल्या सवलती गाडीच्या वयाप्रमाणे आणि वापराप्रमाणे बदलतात. ते कलम स्वतः वाचा आणि जवळच्या हायवे पॅट्रोल कार्यालयात गाडीचे फोटो घेऊन जाऊन विचारा. तिथली माणसं या जुन्या बुइकबद्दल मनापासून बोलतात, असाच माझा अनुभव आहे. सायरन आणि पुढचा लाल दिवा यांबाबत कायदा कडक आहे. रस्त्यावर चालवताना सायरनची वायर सोडवलेली आणि लाल काच झाकलेली असू द्या. उत्सवाच्या बंद आवारात, आयोजकांना सांगून, काय करायचं ते करा. सार्वजनिक रस्त्यावर मिरवणुकीची रीतसर परवानगी असली तरी तिच्यात सायरनची परवानगी आपोआप येत नाही.

तेव्हा या शनिवारी जाताना टॉर्च, पॉलिश पेपर, थिनर, फडकी, मास्क, डिफरन्शियलच्या प्लगला बसणारा पाना आणि बारीक कॅमेरा सोबत घ्या. एक माणूस गाडीखाली झोपायला न्या. दाराच्या खांबावरची प्लेट आधी वाचा. ४ दिसला तर साध्या स्पेशलचा भाव सांगा आणि सायरन-स्पॉटलाइटचे पैसे वेगळे ठरवा. ६ दिसला तर चेहऱ्यावर काही न दाखवता बाकीची पाहणी पूर्ण करा. खांब आणि प्लेट निर्वेध असतील तर जाम इंजिनासकट ती घेण्यासारखी आहे. आणि व्यवहार ठरला तर तिला दोरीने ओढत किंवा मागची चाकं जमिनीवर ठेवून आणू नका. इंजिन बंद असताना चाकं फिरली तर गिअरबॉक्सच्या आतल्या भागांना पुरेसं तेल मिळेलच असं नाही, आणि टॉर्क ट्यूबमुळे शाफ्ट चटकन सोडवूनही टाकता येत नाही. चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेड सांगा, आणि निघण्याआधी सीरियल प्लेटचा व डिकीच्या तळाचा फोटो इथे टाका, मी बघतो.